वेस्पा, लँब्रेटा आणि आपला मिस्त्री

(वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिला आहे : ‘जुन्या इटालियन दुचाकी, त्यांची मालकी आणि निगा’. तो वाचून कुणाला वाटलं असेल, वडनेरचा आणि इटलीचा काय संबंध? म्हणून सुरुवातीलाच एक विनंती करतो. ज्यांच्या घरी कधीकाळी बजाज, प्रिया, चेतक, लँब्रेटा, विजय सुपर किंवा लूना होती, त्यांनी हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. तुम्ही सगळे इटालियन दुचाकीचे मालक आहात. फक्त तुम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. (हशा)

इटालियन मोटारसायकल म्हटलं की डुकाटी, मोटो गुझ्झी, एमव्ही अगुस्ता ही नावं पुढं येतात. त्या गाड्या आपल्याकडं फारच थोड्यांच्या नशिबी आल्या. आपल्या गावाखेड्यांत इटली आली ती स्कूटरच्या रूपानं. तिचा इतिहास दोन बाजूंनी सांगता येतो. एक बाजू कारखान्याची : करार, परवाने, सन, आकडे. ती पुस्तकांत सापडते. दुसरी बाजू मालकाची आणि मिस्त्रीची. कारखान्यानं गाडी बनवणं थांबवल्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती कुणी चालवली, कशानं चालवली, हा तो इतिहास. तो बहुतेक कुठंच लिहिलेला नाही, आणि ज्यांच्या हातात तो आहे ती माणसं आता सत्तरीत आहेत. माझा आजचा सगळा आग्रह या दुसऱ्या इतिहासासाठी आहे. पण पहिला समजल्याशिवाय दुसरा कळणार नाही, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटली उद्ध्वस्त होती. पियाज्जो ही कंपनी युद्धात विमानं बनवायची. पोंतेदेरा गावातला तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात मोडला होता, आणि विमानं बनवण्याची सोय आता उरली नव्हती. लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. एनरिको पियाज्जो यांनी हे काम कोराडिनो दास्कानियो या विमानाच्या इंजिनिअरकडं सोपवलं. गंमत अशी, की दास्कानियोंना मोटारसायकल आवडत नसे. चेनचं तेल कपड्यांना लागतं, टायर पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो, बसायला टांग टाकावी लागते, या त्यांच्या तक्रारी. त्यांनी एकेक तक्रार घेऊन तिचं उत्तर शोधलं. चेन काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलं. गिअर पायातून काढून डाव्या मुठीत दिला. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे चार नट काढले की चाक हातात. वेगळी चौकट ठेवलीच नाही; दाबून घडवलेला पत्राच गाडीचा सांगाडा झाला. २३ एप्रिल १९४६ रोजी या गाडीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. नाव ठेवलं वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनी त्याच घराण्यात तीनचाकी आली, तिचं नाव ‘आपे’. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. आपण तिला ॲपे म्हणतो आणि तिच्यात पंधरा माणसं बसवतो, हा भाग वेगळा. (हशा)

१९४७ मध्ये मिलान शहरातून दुसरी स्कूटर निघाली. फर्दिनांदो इनोचेंती हे पोलादी नळ्यांचे कारखानदार. त्यांचा कारखाना लांब्राते भागात, म्हणून गाडी लँब्रेटा. नळ्यांचा धंदा असल्यानं त्यांनी सांगाडाही नळीचाच केला आणि त्यावर पत्रा चढवला. वेस्पाचं इंजिन उजव्या कुशीत, तर लँब्रेटाचं मध्यावर. जुने लोक अजून वाद घालतात, की लँब्रेटा रस्त्यावर सरळ बसते आणि वेस्पा एका अंगाला ओढते. या वादाचं मूळ दोन कारखानदारांच्या दोन वेगळ्या धंद्यांत आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. सेठ बच्छराज हे वर्ध्याचे व्यापारी. त्यांनी राजस्थानातल्या सीकरकडचा एक मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. गांधीजींना वर्ध्याला आणणारे, १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुलं करणारे जमनालालजी तुम्हाला मी सांगायला नकोत. १९४२ मध्ये ते गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४५ साली, या घराण्यात जी कंपनी निघाली तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १९४८ पासून ही कंपनी परदेशी दुचाकी आणि तीनचाकी आणून विकू लागली. तीच पुढं बजाज ऑटो झाली. म्हणजे भारतात वेस्पा ज्या नावाखाली आली, ते नाव वर्ध्याच्या एका सावकाराचं होतं. सेवाग्रामला चरखा आणि बजाजवाडीच्या वारशात वेस्पा. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ही दोन्ही यंत्रं आहेत आणि दोघांचाही निकष एकच होता : चालवणाऱ्याला ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे. ही तुलना माझी आहे, कुणाला पटेल न पटेल.

१९५९ मध्ये सरकारनं बजाजला दुचाकी बनवण्याचा परवाना दिला आणि पियाज्जोशी करार होऊन वेस्पा १५० इथं तयार होऊ लागली. सुरुवात मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीला मोठा कारखाना. तिकडं लँब्रेटा ही मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीकडं होती. लोक तिला एपीआय म्हणत. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं सत्तरच्या दशकात लूना काढली. ती पियाज्जोच्या ‘चाओ’ नावाच्या मोपेडवर बेतलेली होती.

आता १९७१ हे साल नीट लक्षात ठेवा. त्या साली बजाज आणि पियाज्जो यांचा करार संपला आणि सरकारनं तो पुढं वाढू दिला नाही. त्याच साली इटलीत इनोचेंतीनं लँब्रेटा बनवणं बंद केलं. एका गाडीचा परवाना गेला, दुसरीचा कारखाना गेला. दोन्ही गाड्या इथंच संपायला हव्या होत्या. घडलं उलटं. बजाजनं तोच साचा आपल्या नावानं चालू ठेवला आणि १९७२ मध्ये चेतक आणली. तिची घडण वेस्पाच्या स्प्रिंट मॉडेलवरची. १९७५ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी झाली, तिथून प्रिया आली. लँब्रेटाची सगळी यंत्रसामग्री भारत सरकारनं विकत घेतली, ती लखनौला आली, १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि विजय नावाच्या गाड्या निघाल्या. इटलीत जी यंत्रं गंजत पडली असती, ती लखनौला पुढं वीसेक वर्षं चालली. आज युरोपातले लँब्रेटाचे शौकीन सुटे भाग शोधताना भारताकडं वळतात, त्याचं कारण हे आहे.

इथवर कारखान्याचा इतिहास झाला. आता मालकाचा.

त्या काळी पैसे असले म्हणून स्कूटर मिळत नसे. १९६० मध्ये सरकारनं स्कूटरच्या वाटपावर नियंत्रणाचा आदेशच काढला होता. नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि वाट बघायची. सत्तरच्या दशकात ही वाट सहज दहा वर्षांपर्यंत जायची. मुलगा कॉलेजात गेला की बुकिंग करायचं, म्हणजे लग्नापर्यंत नंबर लागेल. (हशा) हसू येतं, पण याच्यामागं दुःखही आहे. किती मुलींच्या बापांनी हुंड्यात स्कूटर कबूल केली आणि ती काळ्या बाजारानं, जादा पैसे मोजून घेतली! वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही.

या टंचाईचा एक परिणाम मात्र असा झाला, की जी वस्तू पुन्हा मिळणार नाही ती माणूस जपतो. आणि सगळीकडं एकाच साच्याच्या गाड्या असल्यामुळं प्रत्येक तालुक्याच्या गावी ती उघडणारा मिस्त्री तयार झाला. हिंगणघाटला भाग मिळाला नाही तर वर्ध्याला, नाही तर नागपूरला मिळायचा, आणि एका मॉडेलचा भाग दुसऱ्याला बसायचा. आपल्या हैदराबाद हायवेच्या कडेला, झाडाखाली, एक पाना-पेटी, एक हातपंप आणि रॉकेलचा डबा एवढ्यावर ज्यांनी दुकान उघडलं, त्यांनी इटलीचं नाव नकाशात बघितलं नसेल. पण दास्कानियोंच्या डोक्यात काय होतं, हे त्यांच्या बोटांना कळलं होतं.

ते काय कळलं होतं, हे जरा तपशिलात सांगतो, कारण खरा ठेवा इथं आहे.

पहिली गोष्ट तेलाची. ही टू-स्ट्रोक इंजिनं. पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच, दुसरी सोय नाही. नंतरच्या इंजिनांना २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल पुरतं. पण पन्नासच्या दशकातल्या जुन्या इंजिनांना ५ टक्के लागायचं. आज कुणी आजोबांची गाडी काढतो, पंपावर ऐकलेल्या अंदाजानं २ टक्के टाकतो आणि पिस्टन जाम होतो. उलट ऑइल जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीनं भरतो. मग मिस्त्री सायलेन्सर काढून विस्तवात घालायचा, काजळी जाळून झाडायचा, आणि गाडी पुन्हा ओढायला लागायची. हे कुठल्या कंपनीच्या पुस्तकातून तो शिकला नव्हता.

दुसरी गोष्ट ठिणगीची. फ्लायव्हीलच्या आत प्लॅटिनम पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट घासले की फट बदलते, फट बदलली की ठिणगीची वेळ चुकते. गाडी किकला फुसफुसते, चढावर दम सोडते. चांगला मिस्त्री आवाजावरून सांगायचा, की पॉइंट गेले की कार्बोरेटर भरला. आणि गाडी तिरकी करून सुरू करण्याची आपली सर्वांची सवय आठवा. गाडी कलवली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल पुढं सरकतं, मिश्रण क्षणभर घट्ट होतं आणि थंड इंजिन पेट घेतं. बायका-पोरांसमोर केलेली ती कसरत शास्त्रशुद्ध होती. (हशा)

तिसरी वायरींची. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं तारेवर. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात नळीत शिरतो, तार आतून गंजते आणि नेमकी बाजाराच्या दिवशी तुटते. म्हणून जाणता मालक डिक्कीत क्लचची एक जादा वायर, एक प्लग आणि प्लगपाना ठेवायचा.

चौथी पत्र्याची, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. वेस्पाला वेगळी चौकट नाही हे मघाशी सांगितलं. म्हणजे पाय ठेवायचा तळ गंजला तर तो नुसता दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीचा कणाच मोडतो. रबरी चटईखाली पाणी साचतं आणि वरून काही कळत नाही. जुनी गाडी घेताना रंगावर भाळू नका. चटई उचला, खालून हात फिरवा, पत्र्याला चुंबक लावून बघा. जिथं चुंबक धरत नाही तिथं पुट्टी भरलेली आहे.

आणि पाचवी, जिवावरची. चाकाची रिम दोन अर्ध्यांची असते, नटांनी जोडलेली. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट उघडू नका. हवा भरलेली असताना रिम फुटून निघाली तर हात-तोंड वाचत नाही. जुना मिस्त्री आधी वॉल्व्हची पिन काढायचा, मगच पान्याला हात लावायचा. कामाचा हा क्रमसुद्धा ज्ञानच आहे.

मग हे सगळं मागं का पडलं? १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. कमी पेट्रोल, ऑइल मिसळायची कटकट नाही. जाहिरातीचा सगळा सूर असा, की टाकी भरा आणि गाडीकडं बघूच नका. लोकांना ते हवंच होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पुढं प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. टू-स्ट्रोकचा धूर खरोखर घाण असतो, हे मी या गाड्यांचा चाहता असूनही मान्य करतो. २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नंतर २०१२ मध्ये पियाज्जोनं स्वतःच बारामतीहून नवी वेस्पा काढली, आणि २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं. नावं परत आली. जुन्या गाड्या मात्र गोठ्यात, माळ्यावर, तुराट्यांच्या ढिगाआड पडून राहिल्या.

आज त्यांच्यापुढं तीन प्रश्न आहेत.

एक, कागदाचा. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. अनेक घरांत गाडी आहे पण आरसी बुक नाही, किंवा ते आजोबांच्या नावावर आहे आणि वारसाची नोंदच झालेली नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांसाठी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा निर्णय आपल्याला घ्यायचा आहे, गाडी रोज फिरवायची की ठेवा म्हणून राखायची. दोन्हींसाठी चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. रंगाऱ्यानं घासून तो पुसला, तर गाडी कागदावर मेली.

दोन, विक्रीचा. गावोगाव फिरून जुन्या स्कूटरी भंगाराच्या भावानं उचलणारे लोक आहेत. तीन गाड्यांचे भाग जोडून, पुट्टी भरून, दोन रंगांत झगमगीत करून त्या बाहेर जातात. परदेशी शौकिनांत भारतातून आलेल्या अशा गाड्यांचं नाव त्यामुळं खराब झालं. ही बदनामी आपल्या मिस्त्रींच्या माथी येते, हे मला सलतं. त्यांचं कसब गाडी चालती ठेवण्याचं होतं, फसवून सजवण्याचं नव्हतं.

तीन, पेट्रोलचा. आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराचे सील, पाइप फुगवतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. आपलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. किक मारली की इंजिनात आधी जातो तो तळचा, ऑइल नसलेला थर. पिस्टन जाम व्हायला एवढं पुरतं. उपाय अवघड नाही : पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, पाइप-सील इथेनॉल सोसणारे बसवा, मेन जेट मिस्त्रीला विचारून किंचित मोठा घ्या. पण ‘मिस्त्रीला विचारून’ हे दोन शब्द मी म्हटले खरे, तो मिस्त्री दहा वर्षांनी असेल का?

त्यांची मुलं या धंद्यात आली नाहीत. का यावीत? नव्या गाडीत संगणक लावून दोष शोधतात, जुन्या गाडीचं गिऱ्हाईक महिन्याला एक. तक्रार करून उपयोग नाही. पण एक काम आपल्या हातात आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. घरात जुनी स्कूटर असेल तर तिचा चेसिस नंबर, इंजिन नंबर कागदावर उतरवा, पेन्सिलीनं ठसा घ्या. ती कुठल्या साली, कुणी, किती वाट बघून घेतली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आणि जो मिस्त्री ती उघडायचा त्याच्याकडं जा, त्याला एकदा ती पूर्ण उघडायला लावा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि शाळेतल्या मुलांना शेजारी बसवून मोबाइलवर त्याचे हात आणि बोलणं टिपून ठेवा. दास्कानियोंचे नकाशे इटलीच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. आपल्या मिस्त्रीचं ज्ञान तसं कुठंही ठेवलेलं नाही, आणि वर्धा जिल्ह्याला या गाडीच्या इतिहासात जर खरोखर काही भर घालायची असेल तर ती ही आहे.

आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांच्या घरी गाडी उभी आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर आपलं नाव आणि गाडीचं साल त्या वहीत लिहून जावं.